डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे आणि गोधडीवर पडलेल्या किल्ल्या

कोथरूडचा_कोणीतरी | शनिवार, रात्री ११:५२

विभाग 'फक्त प्रौढांसाठी' आहे याची दोनदा खात्री करून घेतली आहे. ज्यांना विषय नको त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

इथे बरीच वर्षं आहे, पण हा आयडी आजच काढला. जुन्या आयडीने मी पाककृतींवर प्रतिसाद देतो आणि तिथली अब्रू शाबूत राहावी एवढीच इच्छा. मी ४१, बायको ३९, लग्नाला १३ वर्षं. धागा तिला वाचून दाखवून, तिने दोन वाक्यं खोडल्यावर टाकतोय.

सुरुवात गणपतीत झाली म्हणायला हरकत नाही. ढोल-ताशे आमच्या खिडकीखालूनच जातात, त्यामुळे दर वर्षी मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणतो. एक जोडी ड्रॉवरमध्ये उरली होती. तिच्या शेजारी विमानात मिळालेला, झोपताना डोळ्यांवर लावायचा मास्क. मे महिन्यात मुलगी आजीकडे साताऱ्याला गेली, घर रिकामं, आणि ड्रॉवर आवरताना बायको दोन्ही वस्तू दोन हातांत धरून म्हणाली, "यांचं लग्न लावून देऊ या का?"

पहिल्या वेळी फक्त मास्क. हात मोकळे, ती केव्हाही काढू शकेल असा, दहा मिनिटं. संध्याकाळी मी कोथिंबीर निवडली होती, हात दोनदा धुतले होते. तरी बोटं गालाजवळ नेली तशी ती म्हणाली, "कोथिंबीर." आमच्या पंख्याची टिकटिक आम्ही दोन वर्षं ऐकून न ऐकल्यासारखी करतो, ती तिला मोजता येत होती. मोरपीस (शोकेसमधलं, देवघरातलं नव्हे, तात्या लगेच विचारतील) मनगटापासून कोपरापर्यंत नेलं, तर मी थांबल्यावरही ते फिरतंय असं तिला वाटत राहिलं. नंतर आम्ही जे बोललो ते तेरा वर्षांत बोललो नव्हतो.

पुढच्या शनिवारी जोर वाढला. मास्क, इअरप्लग, वर मोठे हेडफोन आणि त्यात पावसाचा आवाज. ऐकू येणार नाही म्हणून खूण ठरवली. स्कूटरच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत. तिने तो सोडला की मी सगळं थांबवायचं. फ्रीजमधून बर्फ आणायला मी उठलो आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात वॉचमन. पाण्याचा टँकर आत येईना, तुमची गाडी काढा. मी खाली गेलो, गाडी काढली, वर आलो. चार मिनिटं, फार तर पाच.

आलो तेव्हा ट्यूबलाइट लावलेली, ती पलंगाच्या कडेवर बसलेली, हेडफोन जमिनीवर. किल्ल्या गोधडीवर पडल्या होत्या, अजिबात आवाज न होता. "तू कुठे होतास?" एवढंच तिने दोनदा विचारलं. रात्री दीडपर्यंत गॅलरीत चहा पीत बसलो.

पुन्हा करायचं नाही असं ती म्हणत नाहीये. नीट करायचं म्हणतेय. काय चुकलं ते मला कळलंय. बरोबर कसं करतात ते माहीतगारांनी सांगावं.


शंकासुर | रविवार, सकाळी ७:१०

रविवारी सकाळी सकाळी हा धागा! पोहे घेऊन बसलोय.


पेठेतले_तात्या | रविवार, सकाळी ८:३४

मोरपिसाचं विचारणारच होतो. असो.

सगळे याला सेन्सरी डेप्रिव्हेशन म्हणतात. मराठी शब्द सुचवा कोणीतरी. 'इंद्रियनिग्रह' म्हणाल तर तो वेगळा, त्यासाठी आळंदीला जावं लागतं. रच्याकने (म्हणजे 'बाय द वे'), आमच्या तरुणपणी लोडशेडिंग होतं. पट्टीचा खर्च नव्हता.


साधासरळ | रविवार, सकाळी ९:०२

नवरा-बायकोत विश्वास असेल तर हे खुणा, सिग्नल वगैरे लागतातच कशाला? कोर्टात जायचंय की संसार करायचाय?


निखारा | रविवार, सकाळी १०:१५

साधासरळ, तुमच्याकडे नंतर येतो.

कोकोणी (तुमच्या आयडीचं हे लघुरूप चालेल ना?), लिहिलंत हे फार बरं केलंत. मी आणि माझा जोडीदार औंधला राहतो, एकत्र नऊ वर्षं, त्यातली सहा-सात या वाटेवर. आमच्याही चुका झाल्यात. पहिल्या वर्षी मी त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला, गाठ बरोबर डोक्यामागे. वीस मिनिटं उशीवर पडून त्याचं डोकं ठणकायला लागलं आणि मला वाटलं, हा भावविवश झालाय.

तुमच्याकडे एक चूक झाली नाही, तीन एकावर एक चढल्या. डोळे काढलेत, कान काढलेत, आणि बाहेर पडायची वाट तुमच्या कानांवर सोपवलीत. ते कान तेव्हा पार्किंगमध्ये होते. दिसणारा माणूस ड्यूटीवर असतो. जे तिच्याकडून घेतलं ते त्याने तिच्यासाठी वापरायचं असतं. त्यामुळे खोली सोडणं नाहीच.

आम्ही तयारी पूजेसारखी करतो. पूजेला बसल्यावर दूर्वा आणायला कोणी मंडईत जात नाही. बर्फ, पाण्याची बाटली, टॉवेल, पांघरूण, सगळं हाताशी. फोन सायलेंट, बेलचं बटण बंद, गॅस बघून आलेला. तरीही उठावंच लागलं, तर आधी हेडफोन काढायचे, कानातलं काढायचं, "उठतोय, दार बघून येतो" हे तिला ऐकवायचं, तिने "बरं" म्हटल्यावर उठायचं. दारावर कोणीही असो, त्याला थांबू दे. टँकरही.

माझा एक हात सतत त्याच्या अंगावर असतो. पाऊल, खांदा, कुठेही. कान बंद असलेल्या माणसाला तुम्ही आहात हे कळायला दुसरं काही नाही. मोरपिसासाठी दुसरा हात आहे.

खुणेचं. किल्ल्या वाईट नाहीत, पण फरशीवर पडल्या तर. पुण्यात गोधडीशिवाय कोण झोपतं? आम्ही कुत्र्याचं, दाबलं की चूंचूं करणारं रबरी खेळणं वापरतो. एकदा दाबलं की पिवळा, म्हणजे चालू दे पण काहीतरी बदल. दोनदा दाबलं की लाल, सगळं बंद, आधी कान मोकळे, मग डोळे. पिवळाच जास्त उपयोगी पडतो. लाल म्हणायला माणूस लाजतो, मजा घालवली असं वाटतं. पिवळ्यात तसं वाटत नाही. आणि उलटी खूणही हवी. मी दर दोन-तीन मिनिटांनी तळवा दोनदा दाबतो, त्याने दोनदा दाबायचं. उत्तर आलं नाही तर थांबायचं. झोप लागली असेल, दुसरं काही असेल, नंतर बघू.

एका वेळी एकच इंद्रिय. आज डोळे, आणखी चार वेळा डोळेच, मग कधीतरी कान. तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात तीन थर चढवलेत. हात बांधणं यात घुसवू नका. पुढे कधी घुसवलंतच तर दोन बोटं आत जातील इतकं सैल, आणि बोथट टोकाची मेडिकल कात्री उशाशी. दारू, भांग, झोपेची गोळी, यातलं काही घेतलं असेल तर त्या दिवशी नाही. दोघांपैकी कोणीही.

नाक, तोंड, मान यांच्याजवळ काहीही जाता कामा नये. कापड नाही, प्लास्टिक तर नाहीच नाही. श्वासाशी खेळ हा याचा पुढचा टप्पा आहे असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. त्याने माणसं मरतात.


भूलवाली | रविवार, दुपारी १२:४०

निखारा, सविस्तर अनुमोदन. मी भूलतज्ज्ञ आहे, पुण्यातल्याच एका हॉस्पिटलात. रोज लोकांचे डोळे चिकटपट्टीने बंद करते, त्यामुळे या धाग्यावर माझा थोडा हक्क आहे.

पट्टी घट्ट नको, आणि कारण केवळ डोकेदुखी नाही. बुबुळावर दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावू शकतात. १९०८ मध्ये आश्नर आणि दान्यिनी या दोघांनी वेगवेगळं हे नोंदवलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला की मॉनिटरवर आकडा ७० वरून ४० वर घसरताना मी स्वतः पाहिला आहे. सर्जनला "थांबा" म्हटलं, त्यांनी हात सैल केला की आकडा वर येतो. सैल मास्कने असं होणार नाही. ओढणीचे चार वेढे घालून करकचून बांधाल तर उगाच का जोखीम घ्या? डोळ्यांवर खळगा असलेले मास्क मिळतात, पापणीला कापड लागतच नाही. तेच घ्या.

काँटॅक्ट लेन्स आधी काढा. काचबिंदू असेल, नुकतंच मोतीबिंदूचं किंवा लेसरचं ऑपरेशन झालं असेल तर पट्टी नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

कान. धाग्याच्या नावात बोळे आहेत म्हणून सांगते, कापसाचे बोळे घालू नका, तुकडा आत राहतो आणि सोमवारी तुम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसमोर गोष्टी रचत बसता. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचं. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर नाही. प्लगवर हेडफोन चढवले की लोक आवाज वाढवत नेतात, तोही मोह टाळा. आणि कान बंद झाले की स्वतःचा आवंढा, जबडा, नाडी मोठ्याने ऐकू येतात. पहिल्यांदा हे दचकवतं. आधी सांगून ठेवा.

उभं करू नका. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपाय लागतात, त्यातले डोळे गेले की बाकीच्यांवर ताण येतो. डोळे मिटून एका पायावर उभं राहून बघा, मग पटेल. बसवा किंवा झोपवा. आडवं पडलेल्या, न दिसणाऱ्या माणसाच्या तोंडात द्राक्षं, बर्फाचा खडा असलं काही घालू नका, ठसका लागतो. भरवायचंच असेल तर पाठ ताठ करून, हे येतंय असं सांगून.

दमा असेल तर पंप हाताशी. फिट येत असतील, पॅनिक अटॅक येत असतील, कधीकाळी कोंडून ठेवल्याचा किंवा जबरदस्तीचा अनुभव असेल तर हा खेळ सोडून द्या किंवा आधी समुपदेशकाशी बोला. अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या आल्या की मनगटावरचं काय असेल ते ताबडतोब सैल करा. तिथली नस अगदी कातडीखालून जाते.

शेवटी ट्यूबलाइट. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. त्यानंतर एकदम पांढरा उजेड म्हणजे थप्पड. छोटा दिवा आधीच लावून ठेवा.


खारुताई | रविवार, दुपारी ३:०५

दुपारी एक ते चार आहे, तरी लिहिते, कारण या विषयात माझा आयडी येतो.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेने विद्यार्थ्यांना नुसतं पडून राहायचे दिवसाला २० डॉलर दिले. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या, डोकं फोमच्या उशीत, एकसुरी घरघर. चैनच होती म्हणा ना. पण दोन-तीन दिवसांपलीकडे फारसं कोणी टिकलं नाही. लोकांना आकृत्या दिसू लागल्या. एकाला तर खांद्यावर पोती टाकून शिस्तीत चाललेल्या खारींची मिरवणूक दिसली. मेंदूला बाहेरून काही मिळालं नाही की तो घरातलंच सामान काढून मांडतो. अंधारात, आवाजाविना पाण्यावर तरंगायची टाकी जॉन लिली यांनी अमेरिकेत बांधली तीही १९५४ मधली.

कोकोणींच्या चार मिनिटांबद्दल. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक १९६२ मध्ये दोन महिने घड्याळाशिवाय गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्ट होती. त्याचा वेळ आकसला. घाबरलेल्या माणसाचा लांबतो. कसंही असलं तरी मास्कच्या आतलं घड्याळ तुमच्या घड्याळाशी जुळणार नाही. वेळ बाहेरच्याने सांगायची.

आणि एक. १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी ताब्यातल्या माणसांच्या डोक्यावर पिशव्या चढवल्या, सतत कर्कश आवाज ऐकवला, झोपू दिलं नाही. १९७८ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने त्याला अमानुष आणि अपमानास्पद वागणूक म्हटलं. वस्तू त्याच आहेत बघा. पट्टी आणि आवाज. साधासरळ यांनी विचारलं ना, खुणा कशाला?


हीच_ती | रविवार, रात्री ९:२०

मी बायको. हा स्वयंपाकघरात आहे, मी लॉगिन केलंय, त्याला माहीत आहे.

त्याने लिहिलंय त्यात खोटं काही नाही, पण अर्धं आहे. उठताना तो "आलोच" म्हणाला होता म्हणे. कोणाला? माझ्या कानात पाऊस पडत होता.

मी अंधाराला घाबरले नाही. पहिली काही मिनिटं तर छान होती. मग खोलीच गेली. माझं डोकं कपाटाकडे आहे की खिडकीकडे, तेच आठवेना. हात लांब केला तर भिंत लागेल की नाही याची खात्री नाही. मग आठवलं, किल्ल्या. सोडल्या. आणि वाट बघत राहिले. इथे खरं बिनसलं. मला वाटत होतं त्याला कळलंय. कळलंय आणि तो मुद्दाम थांबत नाहीये, खेळ समजून. तेवढ्या वेळात मी या माणसाबद्दल जे जे विचार केले ते त्याला अजून सगळे सांगितलेले नाहीत. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळायचो तेव्हा ज्याच्यावर राज्य त्याच्याभोवती निदान पोरं ओरडत तरी असायची.

साधासरळ, विश्वासाचं म्हणालात ना. विश्वास होता म्हणूनच वाट बघत बसले. नसता तर पहिल्या सेकंदाला मास्क फाडला असता.

आणखी एक, कोणी लिहिलं नाही म्हणून. रविवार बरा गेला. सोमवारी ऑफिसात डबा उघडला, भेंडीची भाजी होती, आणि डोळ्यांत पाणी. कारण काही नाही. शेजारची म्हणाली, तिखट झालीय का? मी हो म्हटलं. असं होतं का इतरांना?

तो तीन दिवस माफी मागत होता. मला माफी नको होती, शेजारी बसायला हवा होता. चौथ्या दिवशी बसला.


निखारा | रविवार, रात्री ९:४८

होतं. सगळं नीट पार पडलं तरी होतं. अंग एकदम वर चढतं ते कधीतरी उतरतं, कोणाचं दुसऱ्या दिवशी, कोणाचं तिसऱ्या. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी एक फोन ठरलेला आहे, काम असो नसो. आणि ज्याने पट्टी बांधली त्याचंही उतरतं, हे लोक विसरतात. तीन दिवसांची माफी म्हणजे बहुधा तेच उतरणं.


जाई_सांजवेळी | सोमवार, दुपारी १:२५

बराच वेळ लिहू की नको करत होते. पाच वर्षांपूर्वीचा मित्र. माझ्या डोळ्यांवर ओढणी, मला मान्य होतं. मग टेबलावर काहीतरी अलगद ठेवल्याचा आवाज आला, काच लाकडावर टेकल्यासारखा. डोळे बंद होते म्हणूनच ऐकू आला. ओढणी वर केली तर फोन पुस्तकांना टेकवून उभा केलेला, रेकॉर्डिंग चालू. "फक्त माझ्यासाठी गं," म्हणाला. त्याच्यासमोर डिलीट करायला लावलं, मग 'नुकतंच काढून टाकलेलं' म्हणून जो फोल्डर असतो त्यातूनही, आणि रिक्षा करून घरी आले. दुसरीकडे कुठे कॉपी गेली असेल का, हे आजही मनात येतं.

दोघांचेही फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कानात पाऊस हवा असेल तर फोन लागतो, हे समजतं. मग जिच्या कानात पाऊस तिचा फोन, तिच्या उशीखाली.


वकिलीणबाई | सोमवार, सायंकाळी ६:५०

जाई, तुझं काही चुकलं नाही.

सर्वांसाठी थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७७ खाली स्त्रीच्या खाजगी क्षणांचं असं चित्रण हा गुन्हा आहे. काढायला हो म्हटलं पण दाखवायला, पाठवायला नाही, तर पाठवणंही गुन्हाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई पुरुषांच्या चित्रणालाही लागू होतं.

संमतीबद्दल. कलम ६३ मधली व्याख्या निःसंदिग्ध आणि ऐच्छिक होकाराची आहे, शब्दांनी, हावभावांनी किंवा कुठल्याही खुणेने दिलेल्या. विरोध केला नाही म्हणजे हो म्हटलं, असं त्यात नाही. लग्नाच्या नात्याला त्या कलमात अजूनही अपवाद आहे, बायको अठराच्या वर असेल तर. तो अपवाद कायद्याच्या पुस्तकातला आहे, तुमच्या पलंगावर आणू नका. कलम २८ प्रमाणे नशेत, काय करतोय ते न कळणाऱ्याची संमती ही संमतीच नव्हे, म्हणजे निखाराची दारूची सूचना नुसती शहाणपणाची नाही.

कलम २५ मजेदार आहे. अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वखुशीने पत्करलेली इजा गुन्हा होत नाही, आणि उदाहरण दिलंय दोघं करमणुकीसाठी तलवारबाजी खेळतात त्याचं. पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत संभवत असेल तर हे कलम वाचवत नाही. श्वास कोंडण्याचे खेळ कोणी 'तिने हो म्हटलं होतं' म्हणून सांगू लागला तर कोर्टात हे चालत नाही.


साधासरळ | सोमवार, रात्री ८:१५

हीच_ती, तुमचा प्रतिसाद वाचला. माझा प्रश्न मागे घेतो. पण असले विषय उघड्यावर असावेत का, ही शंका आहेच. संपादकांनी विचार करावा.


पेठेतले_तात्या | सोमवार, रात्री ८:४१

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, लैंगिक विषयांवरचं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि वाचकांच्या प्रश्नांना छापून उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. हरले, पण उभे राहिले. आपण एवढ्याशा प्रतिसादांनी घाबरायचं का?

मोरपिसाचा प्रश्न मी मागे घेतलेला नाही, याची नोंद व्हावी.


स्पर्शलिपी | मंगळवार, सकाळी ६:३०

स्क्रीन रीडरवर अख्खा धागा ऐकला. मी जन्मांध, बायको डोळस, कर्वेनगरला राहतो.

पट्टी बांधली की 'आंधळ्याचा अनुभव' मिळतो असं या धाग्यावर कोणी म्हटलं नाही, बरं वाटलं. इतरत्र फार ऐकतो. तो अनुभव नव्हे. तुम्ही दहा मिनिटं दिसत नसलेला माणूस असता, मी माझ्या घरात वावरणारा माणूस आहे.

आमच्याकडे पट्टी असते ती तिच्या डोळ्यांवर. आणि मग घर माझं होतं. ती चाचपडत असते, तांब्या कुठे ठेवलाय ते मला माहीत असतं. लग्नाला आठ वर्षं झाली, त्यात ती माझ्या खांद्याला धरून चालते असं फक्त तेव्हाच होतं. ती हसते खूप.

माझे कान बंद करायचा प्रयोग आम्ही एकदाच केला. तुमचे डोळे आणि कान एकत्र काढल्यावर जे होतं ते माझं एका प्लगमध्ये झालं. आता केलाच तर एकच कान, दुसरा मोकळा. डोळस लोकांनीही कानांची सुरुवात एका कानाने का करू नये? दिशा हरवते, पण माणूस हरवत नाही.


भूलवाली | मंगळवार, सकाळी ७:४५

एका कानाची कल्पना उत्तम. वाचनखूण साठवली.


शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:३०

पोहे कधीच संपले. हसायला आलो होतो, आता बायकोला लिंक पाठवली आहे. ह.घ्या. (हलके घ्या) नाही, खरंच पाठवली आहे. निळ्या टिक्स आल्या, उत्तर नाही.


कोथरूडचा_कोणीतरी | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. काय झालं ते कळवणं माझं काम आहे.

बायकोची अट होती, आधी मी. मास्क, दोन्ही प्लग, हेडफोन, अगदी तोच पाऊस. ती शेजारी बसलेली, हात माझ्या पावलावर. मला वाटलं, यात काय? साधारण मिनिटाने पावलावरचा हात हा तिचाच आहे का, असा प्रश्न पडला. दुसरं कोणी घरात नाही हे माहीत असून. मग तिने हात उचलला, फक्त बाजू बदलायला, आणि तेवढ्यात माझ्या पोटात खड्डा पडला. मी खेळणं दाबलं, दोनदा. बाहेर आल्यावर वेळ विचारली. सव्वातीन मिनिटं. तिला मी पाच ठेवली होती, नुसती.

खेळण्याबद्दल. ते आणायला जवळच्याच पेट शॉपमध्ये गेलो. हाडाच्या आकाराचं, पिवळं, ₹१८० ला. दुकानदाराने विचारलं, कुठली ब्रीड? मी म्हणालो लॅब्रॅडॉर. वय? मी म्हणालो मोठं आहे. मग त्याने पंधरा मिनिटं लॅब्रॅडॉरच्या कंबरेच्या सांध्यांवर सांगितलं आणि मी नुसता ऐकत होतो.

काल तिचा नंबर. फक्त मास्क आणि डाव्या कानात प्लग. बेल बंद, गाडी आधीच रस्त्यावर लावून आलो, वॉचमनला सांगून. बर्फ वाटीत हाताशी, तोही शेवटी वितळून पाणीच झाला. पंचवीस मिनिटं. मध्ये एकदा चूंचूं, पिवळा. इलॅस्टिकमध्ये केस अडकले होते, बस. सोडवले, पुढे चालू. पण त्या आवाजाने खालच्या मजल्यावरचा कुत्रा जो भुंकायला लागला तो थांबेना. एका कानाने तिला ते ऐकू येत होतं आणि ती हसायची थांबेना, मग मीही.

आज दुपारी एक वाजता तिला फोन केला. आम्ही एकाच घरात होतो. ती गॅलरीत, मी हॉलमध्ये. तिने उचलला.


हीच_ती | रविवार, रात्री १०:२२

लॅब्रॅडॉरचं मला आत्ता, इथे वाचून कळलं.